शिवाजी कोण होता, असे विचारणारा माणूस

(कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या स्मृतिदिनी, २० फेब्रुवारी रोजी, राजगडाच्या पायथ्याच्या एका गावी भरलेल्या सभेत झालेले भाषण. भोर-वेल्हे भागातील वाचकांच्या आग्रहावरून ते येथे सबंध देत आहोत.)



काल ह्याच पटांगणात शिवजयंती झाली. मुलांनी गडावरून ज्योत आणली, बायांनी पाळणा म्हटला. पताका अजून उतरल्या नाहीत आणि देवळाच्या पायरीवरचा गुलालही अजून झाडला गेला नाही. काल एवढा उत्सव झाला असता आज पुन्हा सभा कशाला, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर तारखेतच आहे. १९ फेब्रुवारी ही शिवरायांच्या जन्माची तारीख. २०१५ साली तिच्या दुसऱ्याच दिवशी, २० फेब्रुवारीला, गोविंद पंढरीनाथ पानसरे नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने मुंबईच्या इस्पितळात प्राण सोडला. चार दिवसांपूर्वी कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. ह्या म्हाताऱ्याने आयुष्यभर अनेक कामे केली. परंतु गावोगाव त्यांचे नाव पोहोचले ते एका लहानशा पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकाचे नाव ‘शिवाजी कोण होता?’ असे आहे. सबब काल ज्याची जयंती आपण केली आणि आज ज्याची आठवण करतो, त्या दोघांचा संबंध काय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ही सभा ठरली तेव्हा आपल्याच एका तरुणाने मला तोंडावर विचारले, “दादा, त्या माणसाने आमच्या राजाला ‘होता’ म्हटले. एकेरीत बोलला. त्याची आठवण आम्ही का करायची?” मला त्या पोराचा राग आला नाही. राजाविषयी प्रेम आहे म्हणूनच तो बोलला. मी त्याला उलट विचारले, “बाळ, तुझी आजी मेंगाईच्या देवळात जाते तेव्हा ‘अहो मेंगाई’ म्हणते काय? जात्यावर बसलेली बाई विठोबाला ‘अरे विठ्ठला’ म्हणते की ‘विठ्ठलराव’ म्हणते? आईला तू काय हाक मारतोस?” बंधूंनो, ‘अहो-जाहो’ हे साहेबाला, सावकाराला आणि मामलेदाराला. जो आपला, त्याला ‘अरे’. कुणब्याच्या तोंडी राजा एकेरीत आला तो अपमान म्हणून नव्हे. तो घरचा झाला म्हणून. तो तरुण हसला आणि आज तो ह्या सभेस आला आहे. मला वाटते, ही सभा तेथेच अर्धी सफल झाली.

आता हे पानसरे कोण, ते ऐका. १९३३ साली अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठच्या कोल्हार गावी त्यांचा जन्म झाला. घर गरिबाचे, भावंडे पाच, त्यांत हे शेंडेफळ. आई हरणाबाई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात असे. अशा घरातले पोर शिकण्याकरिता कोल्हापुरास गेले. कोल्हापुरासच का? तर ते शाहू महाराजांचे गाव. ज्या राजाने १९०२ साली मागासलेल्या जातींकरिता निम्म्या जागा राखून ठेवल्या, जातीजातींच्या मुलांकरिता वसतिगृहे उघडली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्या राजाच्या गावात गरिबाच्या पोराला शिकण्याची वाट सापडते, असा बहुजन समाजाचा अनुभव आहे. पानसऱ्यांनी तेथे वर्तमानपत्रे विकली, नगरपालिकेत शिपायाचे काम केले, प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि हे सर्व करीत करीत ते वकील झाले.

वकील झाल्यावर शहाणा माणूस बंगला बांधतो. पानसरे कामगारांच्या बाजूने उभे राहिले. ज्यांचे कोणी दप्तर ठेवीत नाही असे मजूर, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाया, झोपडीत राहणारी माणसे ही त्यांची अशिले. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले. तो पक्ष तुम्हा-आम्हा सर्वांना मान्य असेलच असे नाही. मलाही त्यांचे सर्व मत पटत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. परंतु आपल्या मळ्याच्या बांधावर जो उभा राहतो त्याचा पक्ष कोणता, हे आपण मागाहून विचारतो. आधी त्याच्या हातात काठी आहे की पाण्याचा तांब्या आहे, ते पाहतो.

जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी ते उभे राहिले, अशी लग्ने त्यांनी पुढाकार घेऊन लावून दिली. श्रमिक प्रतिष्ठान काढून त्यांनी व्याख्याने करविली, पुस्तके छापली. त्यांचा कर्ता मुलगा अविनाश अकाली गेला, तेव्हा त्याच्या नावाने व्याख्यानमाला चालू झाली. पोराच्या नावे तेरावे घालण्याऐवजी लोकांना ज्ञानाचे जेवण वाढले गेले. कोल्हापूर शहरात रस्त्यांवर टोल बसविला गेला तेव्हा उतारवयात ते त्याविरुद्धच्या लढ्यात पुढे झाले. पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्या आपल्या भोरकरांना टोलनाका म्हणजे काय ते निराळे सांगावयास नको. कोल्हापूरचा तो टोल रद्द करण्याचे सरकारने २०१५ च्या अखेरीस जाहीर केले. ते पाहावयास पानसरे राहिले नव्हते.

आता त्या पुस्तकाकडे येतो. १९८७ साली त्यांनी एक भाषण केले आणि पुढल्या वर्षी, म्हणजे १९८८ साली, त्याचे लहानसे पुस्तक झाले. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, अनेक भाषांत ते गेले. त्यात विद्वत्तेचे अवडंबर नाही. जो प्रश्न तुमच्या आजोबांनी चावडीवर बसून विचारला असता तोच त्यात आहे. राजे पुष्कळ झाले. मग ह्याच राजाकरिता साधी माणसे जीव द्यावयास का तयार झाली? साडेतीनशे वर्षांनंतरही रयत ह्याचेच नाव का घेते? पानसऱ्यांचे उत्तर असे की, हे राज्य आपले आहे असे रयतेला वाटले; आणि वाटले ते उगाच नव्हे, तसा अनुभव तिला आला म्हणून.

मंडळी, ह्या उत्तराचा पुरावा शोधण्याकरिता दिल्लीस किंवा लंडनास जावयास नको. तो आपल्याच खोऱ्यांत पडला आहे.

भोर तालुक्यातले रांझे गाव तुम्हास ठाऊक आहे. तेथल्या पाटलाने, बाबाजी भिकाजी गुजराने, एका बाईशी बदअंमल केला. शिवराय तेव्हा अवघे पंधरा-सोळा वर्षांचे. पाटील म्हणजे गावचा धनी. त्याच्याविरुद्ध बाईचा शब्द कोण ऐकणार? शिवरायांनी चौकशी केली, गुन्हा शाबीत झाला आणि पाटलाचे हातपाय तोडविले. २८ जानेवारी १६४६ चे ते पत्र आजही इतिहासात आहे. शिक्षा त्या काळची होती, ती आजच्या कायद्यात बसणार नाही. परंतु तीमागचा न्याय आजही जसाच्या तसा लागू आहे. गरिबाची लेक आणि गावचा पाटील ह्यांच्यात राजा लेकीच्या बाजूने उभा राहिला.

दुसरा पुरावा. ह्याच रोहिडखोऱ्यात कारीचे कान्होजी जेधे होते आणि उत्रवळीचे खंडोजी खोपडे होते. दोघेही देशमुख, दोघेही मराठे, दोघेही एकाच खोऱ्यातले. अफजलखान चालून आला तेव्हा जेधे आपल्या वतनावर पाणी सोडून शिवरायांच्या मागे उभे राहिले, आणि खोपडे खानाला मिळाले. आज त्या घराण्याला बोल लावण्याकरिता मी हे सांगत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे पाप आजच्या नातवंडांच्या माथी मारणे हा मूर्खपणा आहे. मी सांगतो ते एवढ्याचकरिता की, ही लढाई जर केवळ धर्माची असती, तर एका खोऱ्यातले दोन हिंदू देशमुख दोन बाजूंना का गेले? खानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता, आणि शिवरायांचा वकील पंताजी गोपीनाथ हाही ब्राह्मणच होता. शिवरायांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता, आरमारावर दौलतखान होता. तेव्हा जातीवरून आणि धर्मावरून बाजू ठरत नव्हत्या. एका बाजूस वतन होते आणि दुसऱ्या बाजूस रयत.

तिसरा पुरावा अंबवड्यास आहे. तेथे कान्होजी जेध्यांची समाधी आहे, आणि तेथेच जिवा महालाची समाधी आहे. एक देशमुख, एक न्हावी. सय्यद बंडाचा वार ज्याने अडविला तो हा जिवा. ज्या काळी गावात दोघांची बसण्याची पायरी निराळी होती, त्या काळी मरणाने दोघे एका मातीत आणले. बलुतेदार बंधूंनो, इतिहास फक्त तलवारबहाद्दर घराण्यांचा, असे कोणी सांगू लागले तर त्याला अंबवड्याची वाट दाखवा.

आणि चौथा पुरावा तर शेतकऱ्याने घरात टांगून ठेवावा असा आहे. चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या लष्कराला शिवरायांनी ताकीद दिली की, रयतेच्या भाजीपाल्यासही हात लावू नका; लागेल ते बाजारातून विकत घ्या. १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिले की, गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याला बैल नाहीत त्याला बैलांकरिता पैसे दे, पोटाला दाणे दे. आणि दिलेले परत घेताना मुद्दल तेवढे हळूहळू घे, व्याज घेऊ नको. बंधूंनो, व्याज घेऊ नको! बँकेच्या आणि सावकाराच्या दारात चपला झिजविलेल्या माणसाला ह्या तीन शब्दांची किंमत मी काय सांगावी?

हे सर्व पानसऱ्यांनी नव्याने शोधून काढले, असे नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा रचला, तेव्हाच हा राजा कुळवाड्यांचा म्हणून त्यांनी गाइला. शाहू महाराजांच्या वेळी आणि ह्याच मातीशी नाते सांगणाऱ्या केशवराव जेध्यांच्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीने तेच म्हटले. मध्यंतरी आपण ते विसरलो. राजा आपल्या घरातून उचलून दुसऱ्यांनी आपल्या दुकानात ठेवला, आणि आपण वर्गणी भरून त्याचे दर्शन घेऊ लागलो. पानसऱ्यांनी एवढेच केले की, घरचा माणूस घरी आणून सोडला.

हा गुन्हा असेल तर तो त्यांनी केला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी ते पत्नी उमाताईंबरोबर फिरावयास गेले होते. घराजवळ परत येत असता मोटारसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. उमाताई जखमी झाल्या, वाचल्या. पानसरे वाचले नाहीत. त्याआधी दीड वर्ष, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांना तसेच सकाळच्या वेळी मारले होते. पुढे ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडास प्राध्यापक कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरास गौरी लंकेश. दाभोलकरांच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांस जन्मठेप दिली. बाकीचे तिघे पुराव्याअभावी सुटले. न्यायालयाने ज्यांना सोडले त्यांना आपण दोषी म्हणणार नाही, तो आपला धर्म नव्हे. परंतु अकरा वर्षांनंतर हात सापडले आणि डोके सापडले नाही, एवढे म्हणावयास कोणाची परवानगी नको. पानसऱ्यांच्या खुनात तर २०२३ साल उजाडले तेव्हा कोठे आरोपींवर दोषारोप ठेवले गेले.

येथे मला एक जुनी हकिगत आठवते. १८५६ साली जोतीराव फुल्यांना मारण्याकरिता रात्री दोन माणसे पाठविण्यात आली, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. एक रामोशी, एक कुंभार. म्हणजे दोघेही आपल्यातलेच, पोटाच्या पाठीमागे लागलेले. जोतीराव जागे झाले. त्यांनी विचारपूस केली, मी तुमचे काय वाईट केले म्हणून. हा माणूस आपल्याच लेकरांकरिता झटतो हे त्यांना कळले आणि त्यांच्या हातची हत्यारे गळाली. त्यांतला धोंडीराम नामदेव कुंभार पुढे सत्यशोधक समाजाचा पंडित झाला! मंडळी, जोतीरावांना दोन शब्द बोलावयास सवड मिळाली. पानसऱ्यांना ती मिळाली नाही. हत्यार बदलले. मोटारसायकलीवरून आलेला मनुष्य थांबून ऐकत नाही.

आपल्यात म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कुऱ्हाडीचे पाते लोहाराच्या भट्टीतून येते, पण दांडा रानातल्याच लाकडाचा असतो. दांड्यावाचून पाते काही तोडू शकत नाही. माझी आजची सगळी चिंता हीच आहे. ज्या पोराला शेतात पिकत नाही, शहरात नोकरी नाही, ज्याच्या हातात झेंडा आहे आणि डोक्यात कोणी तरी भरलेला राग आहे, ते पोर उद्या कोणाच्या कुऱ्हाडीचा दांडा होईल, हे त्याच्या आईबापालाही कळणार नाही. म्हणून पानसऱ्यांचा प्रश्न मी तुमच्या घरात सोडू इच्छितो. ज्याला शिवाजी कोण होता हे कळले, त्याचा दांडा होत नाही.

ही तऱ्हा आपल्याच देशातली आहे असेही नव्हे. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांकरिता लढणारे मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरी मारले गेले. ते तेथे कशाला गेले होते? शहराचा कचरा उचलणाऱ्या कामगारांचा संप होता, त्यांना साथ देण्याकरिता. ज्यांच्या लढ्याला उद्देशून जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्याच लढ्याची ती पुढली पिढी. हक्काची भाषा जोवर पुस्तकात असते तोवर ती कोणास बोचत नाही. ती झाडूवाल्याच्या आणि कुणब्याच्या तोंडी आली की बंदुका निघतात.

मग ह्या माणसाचा वारसा तो कोणता? कोल्हापूरच्या लोकांनी त्याचे एक उत्तर दिले. ज्या सकाळच्या फेरीत त्यांना मारले, ती फेरीच लोकांनी महिन्याच्या वीस तारखेला निर्भय फेरी म्हणून चालू केली. मारणाऱ्यांनी एका म्हाताऱ्याचे चालणे थांबविले. शेकडो लोक चालू लागले. आणि ते लहानसे पुस्तक खुनानंतर पूर्वीपेक्षा अधिक जोराने खपले.

आपण काय करावे? फोटो लावून हार घालावा, एवढ्याकरिता मी आलो नाही. चार गोष्टी सांगतो, त्या पटल्या तर करा.

पहिली. पुढल्या शिवजयंतीला वाजंत्रीच्या भिंतींवर जो पैसा जातो त्यातला निम्मा वाडीतल्या शिकणाऱ्या मुलामुलींच्या वह्यापुस्तकांना द्या, आणि रात्री एक तास कोणी तरी उभे राहून रांझ्याचे पत्र व प्रभावळीचे पत्र सर्वांना वाचून दाखवा. बाया पुढे बसू द्या.

दुसरी. गावातल्या पोरापोरींनी जातीबाहेर लग्न केले तर त्यांच्या घराचे पाणी तोडू नका. वाळीत टाकणे हा आता गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१६ साली तसा कायदा केला आहे. कायद्याच्या भीतीने नव्हे, तर अंबवड्याच्या दोन समाध्यांची लाज बाळगून तरी तसे करू नका.

तिसरी. प्रश्न विचारा. आपल्या भागाने धरणांना पुष्कळ दिले. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले, पानशेत १९६१ साली फुटले व पुन्हा बांधले; पाणी खाली गेले आणि गावे वर डोंगराला चिकटली. आता उरलेली जमीन शहरचे लोक विकत घेत आहेत, आणि काल जो मालक होता तो आज त्याच जमिनीच्या फाटकावर राखणीला बसतो आहे. विकण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारा, कागद जाणत्याकडून वाचून घ्या, ग्रामसभेत तोंड उघडा. २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचे ठरविले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु राजगडाचे नाव घेऊन जर रयतच भूमिहीन होऊ लागली, तर त्या नावाचा उपयोग काय?

चौथी गोष्ट माझ्या तरुण मित्रांना. कोणी तुम्हाला म्हणाले की, अमक्याने आपल्या राजाचा अपमान केला, चल, दगड उचल; तर दगड उचलण्याआधी तो काय म्हणाला ते स्वतः वाचा. वाचून पटले नाही तर सभा घ्या, लिहा, भांडा, मलाही चार गोष्टी सुनवा. पानसऱ्यांनी तेवढाच हक्क मागितला होता, आणि तोच हक्क ते तुम्हालाही देत होते. शब्दाला शब्दाने उत्तर देता येत नाही तोच गोळी घालतो. शिवरायांच्या मावळ्याला शब्दांची टंचाई कधी नव्हती.

काल गडावरून ज्योत आणली. आणताना वाऱ्याने ती विझू नये म्हणून पोरांनी दोन्ही हातांचा आडोसा केला होता, तो मी पाहिला. तसाच आडोसा खऱ्या प्रश्नाला करावा लागतो. गोविंद पानसऱ्यांनी तो एक्याऐंशी वर्षांपर्यंत केला. आता हात आपले आहेत.

सत्याचा जय असो.